समोरचं बटण, मागचं बंदर

घोडबंदर रोडवर कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत जी मोठी गृहसंकुलं उभी राहिली आहेत, त्यांच्या मागच्या बाजूला कुठेतरी जाळीचं दार असलेली एक खोली असते. दारावर कवटी, खाली ‘धोका’ आणि व्होल्टचा आकडा. रहिवासी तिकडे फिरकत नाहीत. उन्हाळ्यात वॉचमन तिच्या सावलीत खुर्ची टाकतो, एवढाच तिचा शेजार. आत राखाडी लोखंडी कपाटं असतात आणि त्यातल्या एखाद्या कपाटाच्या दारावर, डोळ्यांच्या उंचीला, जाडजूड शब्दकोशाएवढा एक डबा बसवलेला असतो. त्याला प्रोटेक्शन रिले म्हणतात. वीज कंपन्यांच्या उपकेंद्रांत अशा डब्यांच्या रांगाच्या रांगा असतात. घोडबंदरला २२० केव्हीचं उपकेंद्र आहे. डहाणूच्या औष्णिक केंद्रातून निघालेल्या वाहिन्या तिथे येतात. तिथल्या प्रत्येक वाहिनीवर असा कुणीतरी पहारा देत असतो.

काम म्हटलं तर साधं आहे. वाहिनीतून किती करंट जातोय, व्होल्टेज किती आहे, हे सतत मोजायचं. झाड तारेवर पडलं, केबल जळली, जेसीबीच्या दातात आली, की हे आकडे बिघडतात. मग ब्रेकरला हुकूम द्यायचा: उघड. हे सगळं पापणी लवायच्या आत. इतक्या वेळात माणूस विचारसुद्धा करू शकत नाही, म्हणून तर हे काम यंत्राकडे दिलं.

या लेखाचा विषय रिलेचं हे मुख्य काम नाही. विषय आहे त्याच्या दोन बाजू. पुढून माणूस त्याच्याशी बोलतो आणि मागून दुसरं कुणीतरी बोलतं. या दोन बाजूंमध्ये एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. तो आपल्या खिशातल्या फोनपर्यंत येऊन पोचला आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा.

पुढची बाजू

रिलेच्या पुढच्या बाजूला छोटा स्क्रीन असतो. त्याखाली वर-खाली जायचे बाण, एक एंटर, एक मागे जायचं बटण, एक रीसेट. बाजूला एलईडी दिव्यांची ओळ. हिरवा म्हणजे रिले ठणठणीत आहे. लाल म्हणजे ट्रिप झाला आहे. बाकीच्या दिव्यांचे अर्थ ज्याने त्याने ठरवायचे. त्यांच्याशेजारी कागदाची एक पट्टी सरकवायची जागा असते आणि त्या पट्टीवर ‘ओव्हरकरंट’, ‘अर्थ फॉल्ट’ असं छापून ठेवलेलं असतं. लाखो रुपयांच्या यंत्रणेत अर्थ सांगायचं काम शेवटी कागदाची पट्टी करते. खाली एक छोटं झाकण. ते उघडलं की लॅपटॉप जोडायची जागा. पूर्वी तिथे नऊ पिनांचं सॉकेट असायचं, आता बहुधा यूएसबी असतं.

डिजिटल रिले येण्याआधी त्या जागी यांत्रिक रिले होते. काचेच्या आड एक चकती, जुन्या वीज मीटरमध्ये फिरायची तशीच. करंट वाढला की चकती फिरायची, संपर्क जुळायचा आणि ब्रेकर उघडायचा. त्याच वेळी काचेआड एक रंगीत पत्रा खाली पडायचा. त्याला फ्लॅग म्हणतात. आज स्क्रीन आले, तरी उपकेंद्रातली माणसं अजून ‘कुठला फ्लॅग पडला?’ असंच विचारतात.

त्या काळापासून यंत्रचालकांना एक नियम शिकवला जातो: फ्लॅग लिहून घेतल्याशिवाय रीसेट करायचा नाही. आधी पाहा, वहीत लिहा, वेळ टाका, सही करा, मग पुसा. वाहिनी लवकर चालू करायची घाई असते, वरून फोन येत असतात, तरीही. कारण फ्लॅग पुसला की काय झालं होतं ते सांगणारा एकमेव साक्षीदार गेला.

पुढची बाजू माणसाकडून काय मागते ते पाहा. तिथे पोचावं लागतं. खोलीची किल्ली असावी लागते. सेफ्टी शूज घालून रबरी चटईवर उभं राहावं लागतं. शेजारच्या कपाटाचा आवाज ऐकू येतो, जळका वास आला तर नाकाला कळतो. बटण दाबणाऱ्याचा देह त्याच खोलीत असतो. काही चुकलं तर पहिला तडाखा त्यालाच. आणि वहीत त्याची सही असते.

मागची बाजू

मागची बाजू सहसा कुणी पाहत नाही. तिथे वायरींचं जंगल असतं आणि त्यात काही सॉकेट. दोन वायरींचा जुना आरएस-४८५ पोर्ट, एकाच केबलवर अनेक रिले माळेसारखे ओवण्यासाठी. इथरनेटचा किंवा फायबरचा पोर्ट, ज्यावरून आजच्या उपकेंद्रातले रिले आयईसी ६१८५० या नियमावलीनुसार आपसांत आणि वरच्या केंद्राशी बोलतात. आणि घड्याळासाठी एक वेगळी जोडणी. उपग्रहावरून आलेली वेळ तिच्यातून रिलेला मिळते, म्हणजे कळव्याच्या आणि पडघ्याच्या रिलेने नोंदवलेल्या घटना एकमेकींशेजारी ठेवून मिलिसेकंदाच्या हिशेबाने ताडता येतात.

पोर्ट म्हणजे बंदर. घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वसईच्या खाडीच्या काठी अरबी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं म्हणतात. आणि जिथे बंदर तिथे किल्ला. पोर्तुगिजांनी तिथे कोट उभारला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, पुढे तो इंग्रजांकडे गेला. बंदराचं गणित जगभर सारखंच आहे. माल तिथूनच येतो आणि शत्रूही तिथूनच येतो. म्हणून बंदर बंद करून कुणी बसत नाही. कोण आलं, काय घेऊन आलं, कुणाच्या नावावर आलं, हे विचारणारी एक चौकी तिथे बसवतात.

मागच्या पोर्टमधून दोन प्रकारची रहदारी होते. एक पाहण्याची: करंट किती, ब्रेकर उघडा की बंद, काल रात्री काय झालं. दुसरी करण्याची: ब्रेकर उघड, ब्रेकर लाव, सेटिंग बदल. केबल तीच, पण पाहणं आणि करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खिडकीतून डोकावणारा शेजारी आणि घराची किल्ली असलेला शेजारी, एवढा फरक.

आता प्रश्न. दूर बसून एखाद्या जागी काही घडवण्याचा अधिकार कुणाला असावा, आणि कोणत्या अटीवर?

अंतराचं काय होतं

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांनी केलेले प्रयोग अनेकांनी ऐकलेले असतात. स्वयंसेवकाने दुसऱ्या माणसाला चुकीच्या उत्तरासाठी विजेचा झटका द्यायचा, दर वेळी थोडा वाढवत. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ‘माणूस हुकूम मिळाला की काहीही करतो’ एवढंच त्यातलं लक्षात राहतं. त्यातली अंतराची गोष्ट मागे पडते.

समोरचा माणूस दुसऱ्या खोलीत, जवळजवळ न दिसणारा, असताना ६५ टक्के लोक शेवटच्या बटणापर्यंत गेले. तोच माणूस एकाच खोलीत असताना हे प्रमाण ४० टक्क्यांवर आलं. त्याचा हात स्वतःच्या हाताने धरून पट्टीवर दाबावा लागला, तेव्हा ३० टक्क्यांवर. आणि एका प्रकारात हुकूम देणारा शास्त्रज्ञच खोलीतून गेला आणि फोनवरून सूचना देऊ लागला. तेव्हा जेमतेम २० टक्के लोक शेवटपर्यंत गेले.

या प्रयोगांवर पुढे बरीच टीका झाली, ती रास्तही आहे. पण अंतराबद्दलचं त्यांचं म्हणणं आपल्या रोजच्या अनुभवाशी जुळतं. ज्याच्यावर परिणाम होणार तो जितका लांब, तितकं बटण दाबणं सोपं. आणि हुकूम देणारा जितका लांब, तितकं त्याला नाही म्हणणं सोपं.

मागच्या पोर्टने या दोन्ही गोष्टी बदलल्या. परिणाम भोगणारा लांब गेला, हे उघडच आहे. पण पूर्वी दूरच्या हुकमाला वाटेत एक माणूस लागायचा. भार प्रेषण केंद्रातून फोन यायचा, यंत्रचालक ऐकायचा, ‘साहेब, इथे माणसं काम करताहेत’ असं म्हणायचा. आता हुकूम थेट ब्रेकरपर्यंत जातो. नाही म्हणू शकणारा माणूस मधून निघून गेला.

एक छोटा स्विच

ज्यांनी ही यंत्रं घडवली, त्यांना ही अडचण दिसली होती. म्हणून पॅनेलवर, किंवा रिलेच्या पुढच्या बाजूलाच, आणखी एक गोष्ट असते: लोकल आणि रिमोट अशा दोन स्थिती असलेला स्विच. रिमोटवर असेल तर दूरच्या केंद्रातून ब्रेकर चालवता येतो. जागेवरच्या माणसाने तो लोकलवर फिरवला, की दूरचे हुकूम रिले ऐकत नाही. पाठवणारा मुख्य अभियंता असो नाहीतर आणखी कुणी. स्विच पुन्हा फिरवायला त्याच खोलीत यावं लागतं.

दोन बारकावे महत्त्वाचे आहेत. पहिला: लोकलवर असतानाही पाहण्याची रहदारी चालू राहते. वरच्या केंद्राला सगळं दिसत राहतं, फक्त हात लावता येत नाही. दुसरा: लोकल असो की रिमोट, खरा फॉल्ट आला तर रिले ट्रिप देतोच. दूरच्या टोकाशी बोलून निर्णय घेणारे काही प्रकार सोडले, तर मागचे सगळे पोर्ट उपटून टाकले तरी रिले आपलं मूळ काम करत राहतो. वाचवण्याचं काम कुणाच्या हुकमावर अवलंबून ठेवलेलं नाही.

यामागचा विचार उपकेंद्रातल्या परमिटच्या पद्धतीत आणखी स्पष्ट दिसतो. वाहिनीवर काम करायला निघालेला माणूस आधी यंत्रचालकाकडून परमिट घेतो. वाहिनी बंद केली जाते, अर्थिंग केलं जातं, वहीत नोंद होते. काम संपल्यावर ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. तोवर वाहिनी चालू करायची नाही. लोकांचे शंभर फोन आले तरी नाही. कारण त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी हात तारेवर आहे.

परमिट आणि लोकल-रिमोट स्विच, दोन्ही एकच गोष्ट सांगतात. ज्याचा देह जागेवर आहे, त्याच्या देहाशी संबंधित बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. तो हुशार आहे म्हणून नव्हे, मोठ्या पदावर आहे म्हणूनही नव्हे. चूक झाली तर किंमत तो मोजणार आहे, म्हणून.

पुस्तकांतल्या नीतिशास्त्रात हे इतकं थेट क्वचित सांगितलेलं सापडतं. विजेच्या धंद्यात ते सांगावं लागलं, कारण तिथे चुकीचा हिशेब लगेच होतो.

बंदरातून शत्रू येतो तेव्हा

२३ डिसेंबर २०१५ च्या दुपारी पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज वितरण केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी पाहिलं, की स्क्रीनवरचा माउसचा बाण आपोआप सरकतोय. कुणी हात लावलेला नव्हता. बाण एकेका ब्रेकरवर जात होता, क्लिक होत होतं, ब्रेकर उघडत होता. तीन कंपन्यांवर एकाच वेळी हल्ला झाला होता. सुमारे २ लाख २५ हजार ग्राहकांची वीज गेली. जाता जाता हल्लेखोरांनी जुन्या पोर्टना नव्या नेटवर्कशी जोडणारी छोटी उपकरणं निकामी करून ठेवली, म्हणजे केंद्रातून पुन्हा हुकूम देता येऊ नयेत.

वीज काही तासांत परत आली. ती आणली गाड्यांत बसून उपकेंद्रांवर गेलेल्या माणसांनी. त्यांनी यंत्रणा हाताने चालवायला घेतली आणि ब्रेकर लावले. ते कसं करायचं हे जाणणारी माणसं नोकरीवर होती, म्हणून हे जमलं.

पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, कीव्हजवळच्या एका उपकेंद्रावर दुसरा हल्ला झाला. त्यात वापरलेल्या व्हायरसचा एक तुकडा थेट प्रोटेक्शन रिलेसाठी लिहिलेला होता. पोर्टवर एक छोटा संदेश पाठवायचा, की रिले गप्प. कुणीतरी जाऊन तो बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत गप्पच. म्हणजे पहारेकऱ्याला आधी झोपवायचं आणि मग घरात शिरायचं.

त्याआधी २००७ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेत मुद्दाम एक चाचणी झाली होती. एका मोठ्या डिझेल जनरेटरचा ब्रेकर चुकीच्या क्षणी उघड-बंद करायला लावला, तोही रिलेमार्फत, दूरवरून. काही मिनिटांत जनरेटर थरथरत, धूर ओकत निकामी झाला. ज्या यंत्राने त्याचं रक्षण करायचं, त्याच्याच हातून.

यातून ‘पोर्ट वाईट, बटण चांगलं’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो चुकीचा आहे.

जागेवरच्या माणसाला काय दिसत नाही

३० जुलै २०१२ च्या पहाटे, अडीचच्या सुमारास, मध्य प्रदेशातली बिना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी ट्रिप झाली. वाहिनीवर फॉल्ट नव्हता. तिच्यावर भार फार वाढला होता, व्होल्टेज खाली आलं होतं, आणि रिलेला ते आकडे दूरवरच्या फॉल्टसारखे दिसले. त्याने शिकवल्याप्रमाणे केलं. काही क्षणांत उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, या वेळी पूर्व आणि ईशान्य भारतासह. सुमारे ६० कोटी लोक राहतात एवढा तो प्रदेश. महाराष्ट्र पश्चिम ग्रिडमध्ये असल्याने वाचला.

तो रिले पूर्णपणे ‘लोकल’ होता. स्वतःच्या तारेपलीकडचं त्याला दिसत नव्हतं. त्याच्यासमोर सर्वांत अनुभवी यंत्रचालक उभा असता, तरी त्यालाही दिसलं नसतं. ग्रिड ही गोष्टच अशी आहे, की एका जागी उभं राहून ती दिसत नाही. ती पाहायला ऐरोलीसारख्या ठिकाणी भार प्रेषण केंद्र लागतं, आणि त्या केंद्राला डोळे मिळतात ते हजारो पोर्टमधून.

दुसरंही आहे. ब्रेकर जवळून चालवताना स्फोट होऊन माणसं भाजतात, मरतात. दूरून चालवण्याची सोय आली आणि तो धोका कमी झाला. ज्याच्या देहाची आपण एवढी बाजू घेतो, त्याच्यासाठी कधी कधी पोर्ट हीच सर्वांत मोठी दया असते.

आणि जागेवरचा माणूस काही देव नाही. तो ओळखीच्याची लाइन आधी जोडतो. चहापाण्याचे मागतो. आळस करतो. हजेरी म्हणजे नीतिमत्ता नव्हे.

मग प्रश्न पुन्हा तिथेच येतो, पण थोडा नेमका होऊन. दूरून पाहणं जवळजवळ नेहमीच चांगलं. दूरून करणं कधी कधी आवश्यक. पण दूरून करणाऱ्याने, हजर नसल्याच्या बदल्यात, काहीतरी द्यायला हवं. देहाची हमी तो देत नाही. मग कोणती हमी देतो?

नाव

१२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग एकदम बंद पडला. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचा काळ होता, रुग्णालयं जनरेटरवर गेली. कळवा–पडघा वाहिनीचं एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद होतं, भार दुसऱ्यावर होता, त्यात बिघाड झाला, असं सांगण्यात आलं. मुंबईला बाहेरच्या ग्रिडपासून तोडून वाचवणारी ‘आयलंडिंग’ची जुनी योजनाही त्या दिवशी टिकली नाही. काही भागांत वीज यायला रात्र झाली.

चार-साडेचार महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी, परदेशी वर्तमानपत्रात बातमी आली, की भारतीय वीज यंत्रणेत चीनशी संबंधित हॅकर शिरले होते आणि मुंबईतल्या अंधाराशी त्याचा संबंध असू शकतो. राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देत घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं, की ही मानवी चूक होती, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही.

यातलं खरं काय, हे ठरवणं या लेखाचं काम नाही. लक्षात घ्यायचं ते वेगळं. ठाण्याच्या खाडीकाठी घडलेल्या एका घटनेबद्दल ‘कळव्यातल्या कुणाची तरी चूक’ आणि ‘परदेशातल्या कुणाचा तरी डाव’ ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी शक्य वाटावीत, ही अवस्था मागच्या पोर्टने आणली. फ्लॅग आणि वही यांच्या जमान्यात घटनेला पत्ता असायचा. आता तिला फक्त शक्यता असतात. शक्यता जितक्या जास्त, तितकं प्रत्येकाला आपापल्या सोयीचं उत्तर निवडता येतं.

म्हणून दूरून करणाऱ्याने द्यायची पहिली हमी म्हणजे नाव. रिलेमध्ये त्याची सोय असते: कोणत्या वेळी, कोणत्या वापरकर्त्याने, कोणतं सेटिंग बदललं, याची नोंद. ती नोंद खोटी ठरते एका साध्या गोष्टीने. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलतच नाही, किंवा अख्ख्या विभागाचा पासवर्ड एकच असतो. मग नोंदीत येतं ‘ॲडमिन’. ॲडमिन म्हणजे कोण? सगळे, म्हणजेच कुणी नाही. लोक याला सायबर सुरक्षेतला ढिसाळपणा म्हणतात. त्यात सही न करण्याचा भित्रेपणाही आहे.

दुसरी हमी म्हणजे तो स्विच. जागेवरच्याला ‘थांबा’ म्हणता यायला हवं, आणि त्याने तसं म्हटल्यावर दूरच्याला खरंच थांबावं लागायला हवं. विनंती म्हणून नव्हे, तर तारेतच तशी तजवीज करून.

आपल्या दारावरचं मीटर

हे सगळं आता उपकेंद्रातून बाहेर पडून जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत आलं आहे. स्मार्ट मीटरलाही संपर्काचा मार्ग असतो. त्यातून वाचन जातं, आणि वीज दूरून तोडताही येते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात प्रीपेड स्मार्ट मीटरला इतका विरोध झाला, की सामान्य घरगुती ग्राहकांना ते लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. आधी वापर, मग बिल या पद्धतीचे स्मार्ट मीटर मात्र बसवले जात आहेत. विरोधात बिल वाढेल ही भीती मोठी होती. पण तिच्याखाली आणखी एक अस्वस्थता होती, जिला नाव मिळालं नाही.

थकबाकीसाठी वीज तोडायला आजवर वायरमन दारात यायचा. कायद्याप्रमाणे आधी १५ दिवसांची लेखी नोटीस, आणि मग तो. त्याला जिना चढावा लागायचा. आत ऑक्सिजनच्या यंत्रावर आजोबा आहेत, उद्या पोरीची दहावीची परीक्षा आहे, हे त्याला दिसायचं. ‘दादा, सोमवारपर्यंत थांबा’ असं म्हणायला समोर कुणीतरी असायचं. तो थांबेलच असं नाही, पण तोडणाऱ्याला पाहावं लागायचं. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. याच दारांत वायरमनला शिव्या खाव्या लागल्या, मार खावा लागला, आणि याच दारांत काहींनी पैसे घेऊन थकबाकीकडे डोळेझाक केली. दूरून तोडणं निःपक्षपाती असतं. ते सगळ्यांना सारखंच आंधळं असतं.

तर अट काय घालायची? मीटर परत यांत्रिक करा, असं म्हणण्यात अर्थ नाही. वाचन दूरून जाऊ द्या. पण तोडण्याच्या हुकमाआधी एका नाव असलेल्या माणसाने तो हुकूम आपला म्हणायला हवा, आणि घरातल्याला तो काही काळ अडवता यायला हवा. ऑक्सिजनवरच्या माणसाच्या घराला लोकलवर जायचा स्विच हवा. १५ दिवसांच्या नोटिशीमागे हाच विचार आहे. तो पोर्टमध्येही उतरायला हवा.

आणि पावसाळ्यात गायमुखच्या चढावर, ट्रेलर आणि खड्डे यांच्यामधून डिलिव्हरीचं पार्सल घेऊन निघालेला मुलगा आठवा. ॲपला तो कुठे आहे ते मीटरभराच्या अचूकतेने दिसतं. त्याला वेळ दिली जाते, पुढची ऑर्डर दिली जाते. रस्त्यावर गुडघाभर पाणी आहे, हे फक्त त्याला दिसतं. तो उपकेंद्रातल्या माणसासारखाच जागेवर आहे, देहाने. त्याच्या हँडलवर फोन आहे, पण त्या फोनवर लोकल-रिमोट स्विच नाही. ऑफलाइन जाणं म्हणजे तो स्विच नव्हे. ऑफलाइन गेला तर दिवसाची कमाई जाते. परमिट घेतल्याबद्दल कुठल्याही लाइनमनचा पगार कापला जात नाही.

आपण सगळेच आता कधी या टोकाला असतो, कधी त्या. पार्सलचा नकाशा पाहताना आपण भार प्रेषण केंद्र असतो. ऑफिसचा मेसेज रात्री अकराला येतो, तेव्हा आपण ब्रेकर असतो. गावाकडच्या आईवडिलांच्या घरात कॅमेरा बसवून ठाण्यातून त्यावर बोलतो, ‘बाबा, गॅस बंद करा’, तेव्हा काळजी खरी असते. तरी त्या कॅमेऱ्याचं बटण बाबांच्या हाताशी आहे का, हे विचारायला हवं. पाहण्याची परवानगी घेतली, त्यात हुकमाची परवानगी केव्हा मिसळली, हे पुष्कळदा पाहणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

उपकेंद्रातली माणसं हे रोज करतात आणि त्याला तत्त्वज्ञान म्हणत नाहीत. काम सुरू करायच्या आधी स्विच लोकलवर फिरवतात. परमिटवर नाव आणि वेळ लिहितात. काम झालं की मोजून सगळी माणसं खाली उतरली का ते पाहतात, परमिट परत करतात, आणि मग स्विच पुन्हा रिमोटवर ठेवून बाहेर पडतात. तिथून पुढे ती वाहिनी दूरच्या माणसाच्या भरवशावर असते. तो भरवसा त्यांनी स्वतःच्या हाताने दिलेला असतो, म्हणून तो भरवसा असतो.